मदत हवी आहे : क्रमवारीत आठवे असूनही सामना परक्या मैदानावर कसा?

मुसाफिर :
अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या 2024 च्या बारा संघांच्या प्लेऑफची (अजिंक्यपदासाठीच्या बाद फेऱ्यांची) यादी आज जाहीर झाली. निवड समितीच्या क्रमवारीत आमचा संघ आठवा आहे, आणि पाचव्या ते आठव्या संघाला पहिली फेरी आपापल्या मैदानावर खेळायला मिळते, असे सगळीकडे छापून आले होते. त्या भरवशावर भारतातून येणाऱ्या आईवडिलांना मी सामना दाखवण्याचे कबूल केले. आता मात्र आम्ही दहावे आहोत आणि 20 डिसेंबरला दुसऱ्यांच्या मैदानावर जायचे आहे, असे सांगतात. नव्या प्रशिक्षकाने पहिल्याच वर्षी बारापैकी अकरा सामने जिंकून दिले असताना हे कोणत्या नियमात बसते, ते कृपया लवकर सांगावे.

सांगलीकर :
आपला संघ कोणता, हे लिहायचे राहिले आहे.

मुसाफिर :
इंडियाना विद्यापीठ, अर्थातच. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी.

गोदाकाठ :
नियम शोधण्याची गरजच नाही. इंडियानाचे वेळापत्रक सोपे होते, म्हणून समितीने त्यांना खाली ढकलले. ज्या एका खऱ्या तगड्या संघाशी गाठ पडली, त्या ओहायो स्टेटने त्यांना 38-15 असे हरवले.

अभ्यासू :
गोदाकाठ, समितीने ढकलले असते तर क्रमवारीत आठवे स्थान कशाला दिले असते? क्रमवारी आणि प्लेऑफमधील मानांकन (ज्यावरून सामन्यांच्या जोड्या ठरतात) या 2024 च्या नियमात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्या वर्षी पहिली चार मानांकने आपापली लीग जिंकणाऱ्या संघांपैकी क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या चौघांसाठी राखीव होती आणि त्यांना पहिली फेरी खेळावी लागणार नव्हती. त्यामुळे क्रमवारीत नववा असलेला बॉइझी स्टेट तिसरा झाला, बारावा असलेला ॲरिझोना स्टेट चौथा झाला, आणि त्या दोघांनी इंडियानाला ओलांडल्यामुळे आपण आठव्याचे दहावे झालात. म्हणून सातव्या मानांकनाचा, साउथ बेंडचा नोटर डेम आपला यजमान आहे. क्रमवारी जशीच्या तशी वापरली असती, तर हाच बॉइझी स्टेट ब्लूमिंग्टनला, म्हणजे इंडियानाच्या मैदानावर, खेळायला आला असता.

सांगलीकर :
मूळ मुद्दा राहू द्या, पण सोप्या वेळापत्रकाचा आरोप मला मान्य नाही. गेल्या हंगामाचा अंतिम सामना मिशिगन आणि वॉशिंग्टन यांच्यात झाला होता, आणि इंडियानाने या वर्षी दोघांनाही हरवले. वॉशिंग्टनला तर जखमी कर्टिस रूर्क या मुख्य क्वार्टरबॅकशिवाय (चढाई चालवणाऱ्या खेळाडूशिवाय). 2023 साली हाच संघ बारापैकी नऊ सामने हरला होता. याचे श्रेय सिग्नेटी यांना नाही तर कोणाला द्यायचे?

गोदाकाठ :
त्या दोन्ही संघांचेही प्रशिक्षक यंदा नवे होते आणि त्यांचे आधीचे बिनीचे खेळाडू निघून गेले होते, हे आपण सोयीस्करपणे वगळता. शिवाय सिग्नेटी यांनी संघ घडवला नाही, आयता आणला. त्यांच्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून तेरा खेळाडू त्यांच्यामागोमाग आले आणि रूर्क ओहायो विद्यापीठातून आला.

अभ्यासू :
खेळाडूंच्या बदलीची मुभा सर्वच प्रशिक्षकांना आहे. कोणाला आणायचे हे अचूक हेरणे आणि त्यांच्याकडून पर्ड्यू विद्यापीठाविरुद्ध 66-0 असा खेळ करून घेणे, हे प्रशिक्षकाचेच काम आहे. मुसाफिर, आपले आईवडील नेमके कधी पोहोचत आहेत?

मुसाफिर :
18 तारखेला रात्री. नियम समजला, पटला नाही. लीग जिंकल्याचे बक्षीस म्हणून एक फेरी माफ करावी, पण त्यासाठी आमचे मैदान का जावे? साउथ बेंडला त्यांना गाडीने नेता येईल का?

अभ्यासू :
ब्लूमिंग्टनपासून अंतर सुमारे 200 मैल आहे, सामना रात्री आहे आणि मैदान उघडे आहे. तिकिटांचे काही केले आहे का?

मुसाफिर :
घरच्या मैदानाची मिळणार होती.