शब्दचर्चा: ‘रेषीय’ की ‘एकघाती’? (आणि ‘अवलंबी’, ‘कोटी’, ‘लाक्षणिक’ वगैरे)

(‘कच्चा खर्डा’, ‘काटकोन’, ‘उभी ओळ’ आणि ‘पडताळा’ ही चर्चा करणाऱ्यांची टोपणनावं.)

कच्चा खर्डा

लिनियर अल्जिब्राला कुणी ‘रेषीय बीजगणित’ म्हणतं, कुणी ‘एकघाती बीजगणित’. पदवीच्या विषयाची टिपणं मराठीत काढायची तर यातला कोणता शब्द घ्यावा?

दुसरी शंका त्यालाच जोडून. ३क्ष + २ ही शाळेत ‘रेषीय बहुपदी’ असते, तिचा आलेखही सरळ रेषा येतो. मग फ(क्ष) = ३क्ष + २ हे ‘रेषीय चित्रण नाही’ असं पदवीला पहिल्याच आठवड्यात का सांगतात? (चित्रण म्हणजे एक राशी दिली की दुसरी ठरवून देणारा नियम.)

काटकोन

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करू, कारण पहिलीचं उत्तर तिच्यातच आहे.

शाळेतलं ‘रेषीय’ आलेखाबद्दल बोलतं: काढला की सरळ रेषा येते. पदवीला तोच शब्द चित्रणाच्या वागणुकीबद्दल येतो, आणि त्याच्या अटी दोन (स, त या चित्रणात घालायच्या राशी, क ही कोणतीही संख्या):

फ(स + त) = फ(स) + फ(त)
फ(क·स) = क·फ(स)

आता ३क्ष + २ तपासा. फ(१) = ५. म्हणजे फ(१) + फ(१) = १०. पण फ(१ + १) = फ(२) = ८. पहिल्याच अटीत गळालं. त्या ‘+ २’चा एका बाजूला दोनदा हिशेब होतो, दुसऱ्या बाजूला एकदाच. एवढी मोडतोडही नको असेल तर शून्य घालून बघा: फ(०) = २. रेषीय चित्रणात शून्याला शून्यच मिळायला हवं, कारण दुसऱ्या अटीत क = ० घेतलं की फ(०) = ० हातात येतं. अशा ‘रेषीय अधिक स्थिरांक’ चित्रणाला अफाइन म्हणतात. त्याला रुळलेला मराठी शब्द नाही, आणि ओढूनताणून करूही नये.

शून्याची चाचणी मात्र एकतर्फी आहे. शून्य शून्यावर गेलं नाही तर चित्रण रेषीय नाही, हे नक्की. गेलं म्हणून रेषीय झालं, असं नाही. क्ष² सुद्धा शून्याला शून्यावरच नेतो. परीक्षेत फ(०) = ० एवढंच दाखवून ‘म्हणून रेषीय’ लिहिलं की गुण जातात.

उभी ओळ

यावर लोक म्हणतात, मग ‘एकघाती’ घ्या, आलेखाचा संबंधच तुटेल. पण ३क्ष + २ ही एकघाती बहुपदीही आहेच! घात १ आहे, स्थिरांकाला मज्जाव नाही. म्हणजे ज्या अडचणीसाठी शब्द बदलला ती तशीच राहिली.

शिवाय ‘घात’ हा बहुपदीचा गुण. पदवीच्या विषयात अवकलन (डिफरन्सिएशन) हेसुद्धा रेषीय चित्रण असतं: क्ष² दिला की २क्ष मिळतो, क्ष³ दिला की ३क्ष². ‘क्ष² चं अवकलन एकघाती आहे’ असं वाक्य लिहिलं तर वाचणारा २क्ष चा घात १ आहे असाच अर्थ घेईल. सांगायचं असतं वेगळंच: दोन बहुपदींच्या बेरजेचं अवकलन हे त्यांच्या अवकलनांच्या बेरजेइतकं येतं.

माझं मत ‘रेषीय’ला. तोही चुकवतोच, पण शाळेपासून कानावर आहे, आणि जिथे चुकवतो ती जागा एका ओळीत दाखवता येते.

कच्चा खर्डा

मग ‘समघाती एकघाती’ म्हटलं तर? समघाती म्हणजे सगळ्या पदांचा घात सारखा, म्हणजे स्थिरांक आपोआप गेला.

पडताळा

बहुपदींपुरतं चालेल. सर्वसाधारण चित्रणांना नाही. हे घ्या:

फ(क्ष, य) = क्ष³ ÷ (क्ष² + य²), आणि (०, ०) ला ० धरा.

दोन्ही चलांना क ने गुणा: वर क³, खाली क², उत्तर बरोबर क पट. म्हणजे पहिल्या घाताचं समघाती आहे. आता बेरीज: (१, ०) ला १ मिळतं, (०, १) ला ०. त्यांची बेरीज (१, १); तिला १ मिळायला हवं, मिळतं १/२. पटीची अट पाळली, बेरजेची मोडली. दोन्ही अटी वेगवेगळ्या तपासायला का लावतात ते इथे दिसतं. कोणतंही एक विशेषण दोन्ही अटींचं ओझं उचलणार नाही. व्याख्या लिहावीच लागेल.

आणि ‘समघाती’ शब्द इथे आधीच दुसऱ्या कामाला लावलेला आहे. उजवीकडे शून्य असलेली समीकरणं ती समघाती. क्ष + य = ३ हे रेषीय समीकरण आहे, पण समघाती नाही. (१, २) आणि (२, १) ही दोन्ही त्याची उत्तरं. त्यांची बेरीज (३, ३) हे उत्तर नाही. वजाबाकी (−१, १) मात्र क्ष + य = ० चं उत्तर आहे. म्हणूनच ‘एक कोणतंही उत्तर अधिक समघाती समीकरणाची सगळी उत्तरं’ असं पूर्ण उत्तर लिहितात. ‘समीकरण रेषीय आहे, सबब उत्तरांचा संच उपावकाश आहे’ (म्हणजे बेरीज आणि पट घेतली तरी आतच राहणारा संच) ही उडी इथेच चुकते. उजवीकडे शून्य असेल तरच ते खरं.

काटकोन

विशेषणांचा विषय निघालाच आहे तर ‘रेषीय स्वतंत्र सदिश’ या प्रयोगाबद्दल. (सदिश म्हणजे इथे (१, ०) सारखी संख्यांची यादी; स्वतंत्र म्हणजे ज्यांतला कुणीही बाकीच्यांच्या पटींच्या बेरजेतून येत नाही असे, नाहीतर अवलंबी.) मराठीत हे ‘रेषीय आणि स्वतंत्र असे सदिश’ असं वाचलं जातं. सदिश रेषीय नसतात. त्यांच्या स्वातंत्र्याचा प्रकार रेषीय असतो. म्हणून ‘रेषीयदृष्ट्या स्वतंत्र’ लिहावं. लांब आहे, पण अर्थ जागेवर राहतो. नुसतं ‘स्वतंत्र’ लिहायचं तर आधी एकदा सांगून टाकावं, कारण संभाव्यतेतही ‘स्वतंत्र’ आहे आणि तो निराळा.

त्याहून जास्त घात ‘परस्परावलंबी’ करतो. काही टिपणांत रेषीयदृष्ट्या अवलंबी संचाला हा शब्द दिसतो. ‘परस्पर’ म्हटलं की प्रत्येक जण इतरांवर टेकलेला, असं चित्र उभं राहतं. पण हे बघा:

(१, ०), (२, ०), (०, १)

संच अवलंबी आहे, कारण दुसरा पहिल्याची दुप्पट. तिसरा मात्र पहिल्या दोघांतून कधीच तयार होणार नाही. व्याख्या एवढंच मागते, की निदान एक सदिश बाकीच्यांतून यावा. ‘परस्पर’ मनात धरून बसलेला विद्यार्थी तिसऱ्यासाठी सहगुणक (पटीच्या संख्या) शोधत राहतो, ते सापडत नाहीत, आणि तो संच स्वतंत्र ठरवून मोकळा होतो.

पडताळा

उलट बाजूचीही चूक नोंदवून ठेवा. (१, ०, १), (०, १, १), (१, १, २): यातले कोणतेही दोन घ्या, स्वतंत्रच आहेत. तिघे मिळून नाहीत; पहिल्या दोघांची बेरीज म्हणजेच तिसरा. स्वातंत्र्य हा संचाचा गुण आहे. ‘हा सदिश स्वतंत्र आहे’ या वाक्याला ‘कोणत्या संचात?’ हे विचारल्याशिवाय अर्थ नाही. एकट्या सदिशाचा संच घेतला तर तो शून्य नसला की स्वतंत्र. शून्य सदिश ज्या संचात शिरेल तो अवलंबी: ५ × शून्य = शून्य. सहगुणक शून्य नाही तरी उत्तर शून्य सदिश आलं, आणि अवलंबी असण्याची काटेकोर अट हीच; संपलं.

कच्चा खर्डा

‘रँक’ला ‘कोटी’ बरा वाटतो का? (मॅट्रिक्स म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या संख्या; त्यातल्या रेषीयदृष्ट्या स्वतंत्र ओळी किती, ती रँक.)

उभी ओळ

नको! शाळेत बहुपदीच्या घाताला ‘कोटी’ म्हणतात. मॅट्रिक्सच्या आकारालाही काही जण ‘कोटी’ म्हणतात. त्यात रँकही ‘कोटी’ झाली की ‘४ × ४ कोटीच्या मॅट्रिक्सची कोटी २ आहे’ असं वाक्य तयार होतं. शंभर लाख वेगळेच. मराठीत शब्दावरच्या चमत्कृतीला कोटी म्हणतात, ती इथे विनासायास झाली म्हणायची.

आकाराला ‘३ बाय ४’ म्हणावं, रँकला ‘रँक’. बोलताना सगळे तेच म्हणतात.

रँकच्या बाबतीत शब्दापेक्षा पुढची पायरी जास्त चुकते. उदाहरण सोडवून दाखवतो. तीन ओळी:

ओ१ = (१, २, १)
ओ२ = (२, ४, ३)
ओ३ = (३, ६, ४)

ओ२ − २ओ१ केलं की (०, ०, १). ओ३ − ३ओ१ केलं की तेही (०, ०, १). मग ओ३ मधून नवी ओ२ वजा केली की (०, ०, ०). दोन ओळी शिल्लक, रँक २. पिव्हट (उरलेल्या ओळीतली पहिली शून्य नसलेली संख्या) पहिल्या आणि तिसऱ्या स्तंभात.

आता स्तंभावकाशाचा (स्तंभांच्या पटींच्या बेरजांतून येणाऱ्या सगळ्या सदिशांचा) आधार, म्हणजे ते सगळे तयार करणारा स्वतंत्र संच, विचारला, की अर्धा वर्ग सोडवलेल्या मॅट्रिक्सचे स्तंभ उतरवतो: (१, ०, ०) आणि (१, १, ०). या दोघांचा तिसरा घटक शून्य. यांतून मूळचा पहिला स्तंभ (१, २, ३) कसा येणार? ओळींवरच्या क्रियांनी ओळींचा अवकाश टिकतो, स्तंभांमधली आपसातली नाती टिकतात, पण खुद्द स्तंभावकाश बदलतो. म्हणून सोडवलेल्या मॅट्रिक्सकडून फक्त पिव्हटचे क्रमांक घ्यायचे आणि स्तंभ मूळ मॅट्रिक्समधून उचलायचे: (१, २, ३) आणि (१, ३, ४).

शून्यावकाश (मॅट्रिक्सने गुणल्यावर शून्य होणारे सदिश): दुसरा स्तंभ पहिल्याची दुप्पट, म्हणून (−२, १, ०). मिती (आधारातल्या सदिशांची संख्या) १. रँक २ अधिक १ म्हणजे ३, आणि हे ३ स्तंभांच्या संख्येशी जुळवायचे, ओळींच्या नाही. चौरस मॅट्रिक्समध्ये ही चूक झाकली जाते आणि ३ बाय ५ समोर आलं की उघडी पडते.

कच्चा खर्डा

आता ‘आयगन’: मॅट्रिक्सने गुणल्यावर जो सदिश स्वतःचीच पट होतो तो स्वसदिश, आणि ती पट म्हणजे आयगन मूल्य. ‘लाक्षणिक मूल्य’ आणि ‘स्वमूल्य’ दोन्ही दिसतात.

काटकोन

‘लाक्षणिक’ म्हटलं की मराठी माणसाला लाक्षणिक उपोषण आठवतं, म्हणजे नावापुरतं, सांकेतिक. ‘लाक्षणिक मूल्य’ वाचून नाममात्र किंमत वाटली तर वाचणाऱ्याचा दोष नाही. ‘स्वमूल्य’ मूळ शब्दाच्याही जवळचं आहे: जर्मन ‘आयगन’ म्हणजे स्वतःचं, आपलं. हिल्बर्टने १९०४ मध्ये समाकल समीकरणांवरच्या लेखनात ‘आयगनव्हेर्ट’ वापरला, तिथून तो पसरला. ज्या बहुपदीतून स्वमूल्यं काढतात तिला मात्र ‘लाक्षणिक बहुपदी’च रुळलंय, तिथे राहू द्यावं.

‘ज्याची दिशा बदलत नाही तो स्वसदिश’ हे वाक्य टाळा. स्वमूल्य −२ असेल तर सदिश उलटा फिरतो, दिशा सपशेल बदलते. तो ज्या रेषेवर होता तिच्यावरच राहतो, इतकंच. आणि स्वसदिश कधी एकटा नसतो. त्याची शून्य सोडून कोणतीही पट तितकीच चालते. उत्तर (१, १) आलं आणि शेजाऱ्याचं (−३, −३) आलं म्हणून खोडायचं कारण नाही.

शून्याचा नियमही उलटापालटा लिहिला जातो. स्वमूल्य शून्य चालतं (मग मॅट्रिक्सला व्यस्त, म्हणजे परत मूळ जागी आणणारं मॅट्रिक्स, नसतं). स्वसदिश शून्य चालत नाही.

पडताळा

ओळी (२, १) आणि (१, २) घ्या. (१, १) चे (३, ३) होतात, (१, −१) जसाच्या तसा राहतो. स्वमूल्यं ३ आणि १. ताळा: बेरीज ४, कर्णावरची बेरीज २ + २ हीसुद्धा ४. गुणाकार ३, निश्चयक (२ बाय २ मध्ये एका कर्णाच्या गुणाकारातून दुसऱ्याचा वजा) ४ − १ = ३.

आधी ओळी सोडवून मग स्वमूल्यं काढायची घाई करू नका. ओ२ मधून अर्धी ओ१ वजा केली तर (२, १) आणि (०, ३/२) मिळतं. कर्णावर २ आणि ३/२. गुणाकार अजून ३ आहे, म्हणून सगळं ठीक वाटतं. बेरीज साडेतीन झालेली कुणी बघत नाही. या क्रियेने निश्चयक टिकला, स्वमूल्यं गेली.

कच्चा खर्डा

‘मॅट्रिक्स’ तसाच ठेवायचा ना? ‘सारणी’, ‘आव्यूह’ दोन्ही वाचनात येतात.

उभी ओळ

‘सारणी’ म्हणजे आकडे मांडलेला कुठलाही तक्ता, त्यातून गुणाकाराची कल्पना येत नाही. ‘आव्यूह’ रचना सुचवतो, पण बोलताना कुणाच्या तोंडी नाही. सिल्व्हेस्टरने १८५० मध्ये ‘मॅट्रिक्स’ घेतला तो लॅटिनमधल्या गर्भाशय या अर्थावरून, कारण त्यातून निश्चयक जन्माला येतात. तो अर्थ आता इंग्रजीतही कुणाच्या मनात नसतो. मॅट्रिक्स ठेवा. व्यूहाची बाजू घ्यायची तर एवढंच, की व्यस्त नसलेल्या मॅट्रिक्सला चक्रव्यूह शोभतं: आत जाता येतं, परत येता येत नाही.

कच्चा खर्डा

शेवटचं. ‘ओ२ मधून ओ१ ची दुप्पट वजा’ आणि ‘ओ१ च्या दुपटीतून ओ२ वजा’, दोन्ही चालतं का?

पडताळा

रँकपुरतं दोन्ही चालतं. निश्चयक काढताना नाही. ओ२ च्या जागी ओ२ − २ओ१ ठेवलं तर निश्चयक तोच राहतो. २ओ१ − ओ२ ठेवलं तर चिन्ह उलटतं. अपूर्णांक टाळायला वरच्याच (२, १), (१, २) या उदाहरणात २ओ२ − ओ१ करतात: (०, ३) मिळतं, दिसायला स्वच्छ. पण आता निश्चयक २ × ३ = ६ येतो, खरा ३ होता. बदलायच्या ओळीला ज्या संख्येने गुणलं तिने शेवटी भागावं लागतं, म्हणून ती संख्या तिथल्या तिथे समासात लिहून ठेवा.