झडती, तपासणी की आणखी काही? (आणि 'बेअर आर्म्स'चं काय करायचं)

पैलतीर
मंडळी, एका अनुवादात अडकलोय, अंक छपाईला जायच्या आत मार्ग हवाय. न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एक इंग्रजी लेख मराठीत आणतोय, विषय विमानतळावरचं चेकिंग आणि व्यक्तिस्वातंत्र्य. लेखाचा सगळा डोलारा 'सर्च' या एका शब्दावर उभा आहे. अमेरिकी घटनेची चौथी दुरुस्ती म्हणते की अवाजवी सर्च आणि जप्तीपासून लोकांना संरक्षण आहे. तिथे मी 'झडती' लिहिलं. पुढे विमानतळावर जे होतं त्यालाही तिथली कोर्टं सर्चच म्हणतात, फक्त त्याचा वेगळा प्रकार मानतात, 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह सर्च', म्हणजे कुणा एकावर संशय नाही, सगळ्यांना सारखा नियम, हेतू गुन्हेगार पकडण्याचा नसून विमानात शस्त्र जाऊ नये इतकाच. १९७३ च्या डेव्हिस खटल्यात नवव्या सर्किटच्या कोर्टाने, म्हणजे तिथल्या पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या संघीय अपील कोर्टाने, हे मांडलं. म्हणून मी विमानतळालाही 'झडती'च ठेवलं. आमच्या मुद्रितशोधक बाईंनी लेखभर 'तपासणी' करून टाकलं, त्यांचं म्हणणं झडती संशयिताची घेतात, प्रवाशाची नाही. पण चौथ्या दुरुस्तीत 'अवाजवी तपासणी' वाचलं की वाटतं डॉक्टरने जास्तीच्या टेस्ट लिहून दिल्या. आणि दोन ठिकाणी दोन शब्द ठेवावेत तर लेखकाचा मुद्दाच संपतो, कारण तो म्हणतोय की दोन्हीकडे एकच गोष्ट घडते.
दुसरी अडचण छोटी आहे, शेवटी दुसरी दुरुस्ती येते, 'कीप अँड बेअर आर्म्स'. मी 'शस्त्रे बाळगण्याचा हक्क' लिहिलंय. चालेल ना?

निशिगंध
बाईंचं म्हणणं मला पटतं आणि पटतही नाही. माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेले, त्यामुळे दारातून गेली की मशीन वाजणारच. एका विमानतळावर तिला बाजूला घेऊन हातांनी चाचपून बघितलं, साडीच्या निऱ्यांपासून आंबाड्यापर्यंत. रात्री फोनवर म्हणाली "माझी झडती घेतली गं त्यांनी". भाऊ लगेच म्हणाला, "आई तपासणी म्हण, झडती काय म्हणतेस, चोर आहेस का तू". त्यावर ती गप्प बसली. मला आजही वाटतं की शब्द तिचाच बरोबर होता. तिच्या अंगाला जे झालं त्याचं नाव झडती, आणि करणाऱ्यांच्या फॉर्मवर जे लिहिलेलं असतं त्याचं नाव तपासणी.

जुनीपाटी
झडती हा शब्द 'झाडणे'पासून आला असावा असं माझं मत. पूर्वी पागोटं, उपरणं, धोतराचा सोगा झाडून दाखवायला लावत, काही लपवलंय का ते पडावं म्हणून. 'झाडाझडती'त तर दोन्ही रूपं शेजारी बसली आहेत. पण मुळात हे असले पोलिसी शब्द घटनेच्या भाषांतरात का हवेत? 'सर्च'ला 'शोध' आहे, अंगावरच्याला 'अंगशोध' म्हणा. सुटसुटीत आहे, समासही शुद्ध आहे.

मिळूनआला
अंगशोध कुणी म्हणत नाही हो काका, ऐकलंय का कधी कुणाच्या तोंडी? माझे वडील खात्यात होते, त्यांच्या अक्षरातले पंचनामे वाचत मोठा झालो. 'अंगझडती', 'घरझडती', 'अंगझडतीत पँटच्या उजव्या खिशात अमुक मिळून आले'. ही भाषा रुक्ष वाटेल पण तिच्यात एक गोष्ट आहे जी 'तपासणी'त अजिबात नाही. झडती म्हटली की सोबत नियम येतात. घरझडतीला पंच लागतात, लेखी यादी लागते, बाईची झडती बाईनेच आणि शिष्टता सांभाळून घ्यायची हे फौजदारी प्रक्रिया संहितेतच होतं, नव्या कायद्यातही आहे. म्हणजे झडती हा शब्द माणसाच्या बाजूनेही बोलतो, की बाबा हे तुझ्या अंगाला हात लावणं आहे, ते असं कुणीही कसंही करायचं नाही. तपासणीला असले पंच कोण बोलावतो? तिकिटाची तपासणी, वह्यांची तपासणी, रक्ताची तपासणी. ज्या दिवशी आपण झडतीला तपासणी म्हणायला लागलो त्या दिवशी विचारायचा हक्कही थोडा ढिला झाला असं मला मनापासून वाटतं. पैलतीर, झडतीच ठेवा, बाईंना सांगा लेखच त्याबद्दल आहे.

पैलतीर
मिळूनआला, हे तुम्ही नेमकं बोललात. लेखात पुढे हेच येतं. आधी असं मानायचे की प्रवासी तपासणीला संमती देतो, नको असेल तर परत फिरावं. २००७ च्या औकाई खटल्यात त्याच नवव्या सर्किटने ठरवलं की एकदा बॅग पट्ट्यावर टाकली किंवा डिटेक्टरमधून गेलात की मग "मला नाही जायचं, मी घरी जातो" चालणार नाही, संमतीचा प्रश्नच नाही. आता हे वाक्य 'तपासणी' वापरून लिहून बघा, वाचणाऱ्याला त्यात काही खटकतच नाही. 'झडती' लिहिलं की खटकतं. पण मग बाईंचा मुद्दा उरतोच, रोज लाखो लोक ज्यातून जातात त्याला झडती म्हणणं म्हणजे सगळ्यांना संशयित म्हणणं नाही का?

ठाणेकर_उत्तरा
'छाननी' कुणी सुचवलं कसं नाही? स्क्रीनिंगला छाननी. अर्जांची छाननी होते तशी प्रवाशांची.

मिळूनआला
छाननी कागदांची असते, माणसाची नाही. आणि 'चाचपणी' सुचवू नका कुणी आधीच सांगतो, तो शब्द उमेदवारांच्या बातम्यांनी खाऊन टाकलाय.

कोकणकडा
मला दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचंय, तो छोटा नाहीये. 'बाळगणे' हा शब्द तिथे नको. रोजचा पेपर उघडा, 'बेकायदा पिस्तूल बाळगल्याप्रकरणी दोघांना अटक', 'कोयता बाळगणाऱ्यास पकडले', 'गांजा बाळगला'. बाळगण्याची वस्तू म्हटली की ती जप्त व्हायचीच असते. हक्काच्या वाक्यात हे क्रियापद घातलं की हक्क आधीच आरोपी वाटतो. आमच्या आजोबांच्या कमरेला आकडी, आकडीत कोयता, सकाळी बागेत जाताना लावायचा आणि संध्याकाळी काढून ठेवायचा. गावात कुणी म्हटलं नाही की हे कोयता बाळगतात. म्हणायचे 'कोयता लावून गेले'. तलवार बांधतात, पिस्तूल कमरेला लावतात, काठी हातात घेतात. बेअर म्हणजे हेच की, अंगावर घेऊन चारचौघांत वावरणं. जुन्या मराठीत 'वागवणे' आहे, शस्त्र वागवणे, छान शब्द आहे.

निशिगंध
पण बाळगण्यात प्रेमही आहे ना. अभिमान बाळगतो, संयम बाळगतो, सावधगिरी बाळगतो. मला तर वाटतं तो 'बाळ'वरूनच आला असेल, जवळ घेऊन सांभाळणं.

कोकणकडा
ताई, भीती पण बाळगतात आणि वैर पण. व्युत्पत्ती काहीही असो, आज कानाला काय लागतं ते बघायचं.

जुनीपाटी
'वागवणे'ला आज ओझ्याचा वास येतो, पिशव्या वागवायच्या. 'धारण करणे' हाच शब्द. चक्रधारी, धनुर्धारी, शस्त्रधारी. आणि आधी 'आर्म्स' म्हणजे शस्त्र का अस्त्र ते ठरवा. शस्त्र 'शस्' म्हणजे कापणे यावरून, हातात धरून वार करायचं. अस्त्र 'अस्' म्हणजे फेकणे यावरून. गोळी फेकली जाते, मग बंदूक शस्त्र कशी?

मिळूनआला
काका, कायद्याचं मराठी नाव शस्त्र अधिनियम १९५९, कलेक्टर ऑफिसात शस्त्र परवाना, निवडणूक आली की परवानाधारकांनी शस्त्रं जमा करायची, सणासुदीला शस्त्रबंदी आदेश. यात कुठे अस्त्र आणणार? काडतूस पोर्तुगीज 'कार्तूश'वरून आलं म्हणतात, त्यालाही कुणी बाहेर काढत नाही.

पीचट्री
अटलांटाहून लिहितोय. बेअर आर्म्सला 'अंगावर घेऊन वावरणं' म्हणता तर ते इथे डोळ्यांनी दिसतं. जॉर्जियात २०१४ च्या कायद्यापासून विमानतळाच्या खुल्या भागात, म्हणजे चेकपॉइंटच्या अलीकडे, कायद्याने पात्र माणूस पिस्तूल लावून उभा राहू शकतो. दहा पावलं पुढे गेला की तीच गोष्ट गुन्हा. आणि लोक जातात पुढे, पिस्तूल बॅगेत आहे हे विसरून. देशभरात २०२३ मध्ये चेकपॉइंटवर ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या ९३ टक्क्यांच्या आसपास भरलेल्या. न्यायची असेल तर रीत आहे, गोळ्या काढून, कडक कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगून चेक-इन सामानात. माझा प्रश्न असा की 'कीप' आणि 'बेअर' हे दोन वेगळे शब्द आहेत, तुम्ही सगळे एकच शब्द शोधताय. अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या हेलर निकालात याच दोन शब्दांवर पानंच्या पानं आहेत. बहुमताने म्हटलं कीप म्हणजे जवळ ठेवणं, बेअर म्हणजे सोबत नेणं, आणि हा हक्क एकेकट्या माणसाचा. विरोधी मतात न्यायमूर्ती स्टीव्हन्स म्हणाले की बेअर आर्म्स हा सैनिकी वाक्प्रचार आहे, लढाईला उभं राहणं. पाच विरुद्ध चार. नऊ न्यायमूर्तींना जे एकमताने ठरवता आलं नाही ते तुम्ही 'बाळगणे' लिहून एका फटक्यात मिटवताय.

पैलतीर
पीचट्री, अगदी बरोबर. बाळगण्यात घरात ठेवणंही येतं आणि सोबत नेणंही, म्हणूनच मी तो घेतला होता, पण त्यामुळे दोन शब्दांमधली भांडणाची जागाच बुजते. 'ठेवण्याचा व वागवण्याचा'? आणि 'धारण' घेतलं तर सैनिकी अर्थाकडे झुकतं, म्हणजे मी नकळत स्टीव्हन्सच्या बाजूने अनुवाद केला.

भीमथडी
आपल्या घटनासमितीत हाच शब्दप्रयोग आला होता हे कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने देशाची हत्यारं काढून घेतली, त्याचा राग मोठा होता. म्हणून १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात मूलभूत हक्कांमध्ये, नियमांच्या अधीन राहून, शस्त्रं ठेवण्याचा आणि जवळ बाळगण्याचा हक्क घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामतांनी त्याच ठरावाच्या आधारे तो घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, ज्याला त्याला बाजारात जाऊन हवी ती हत्यारं विनाअडथळा घेता यायला लागली तर राज्याने कारभार चालवायचा कसा. दुरुस्ती फेटाळली गेली आणि आपल्याकडे उरलं ते एकोणिसाव्या कलमातलं शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमणं. शस्त्र आपल्या घटनेत हक्काच्या जागी नाही, हक्काच्या अटीत आहे. आपल्या मराठीत शस्त्राशी हक्काचं क्रियापद सापडत नाही त्याचं कारण हे असं माझं ठाम मत आहे. दीडशे वर्षं शस्त्राजवळ परवाना आणि मनाई एवढेच शब्द होते, मग 'बाळगणे'ला आरोपाचा वास येणारच. मला बाबासाहेबांचा निर्णय योग्यच वाटतो, पण भाषांतर करताना आपण कुठून बोलतोय ते माहीत हवं.

कोकणकडा
भीमथडी, उत्तम. एक अपवाद, पंचविसावं कलम. कृपाण. तिथे अंगावर घालणं आणि सोबत नेणं दोन्ही हक्क म्हणूनच आहे.

पीचट्री
आणि ती विमानातही चालते. भारतात देशांतर्गत विमानात पातं सहा इंचांपर्यंत, एकूण नऊ इंचांपर्यंत. अमेरिकेत कृपाण केबिनमध्ये नेता येत नाही. म्हणजे शस्त्राचा हक्क घटनेत आहे तिथे ती सामानात टाकायची आणि हक्क नाही तिथे अंगावर.

जुनीपाटी
कृपाण धारणच करतात. बघा, बाळगत नाहीत, लावतही नाहीत. माझं म्हणणं सिद्ध झालं.

मिळूनआला
ते धर्माचं चिन्ह आहे म्हणून धारण. जानवंही धारण करतात. ग्लॉक पिस्तूल कोण धारण करतं?

ठाणेकर_उत्तरा
मूळ वाक्यात पुढे 'शॅल नॉट बी इन्फ्रिंज्ड' आहे त्याचं काय केलंत? 'हक्कावर गदा आणली जाणार नाही' लिहू नका, गदा स्वतःच शस्त्र आहे, वाक्याचा विचका होईल. आणि 'हक्क' का? 'अधिकार' लिहा, भारदस्त वाटतं.

भीमथडी
अधिकार हिंदीतून आलेली सवय आहे. मराठी घटनेत 'मूलभूत हक्क' आहे. मराठीत अधिकार अधिकाऱ्याकडे असतो, हक्क माणसाकडे. या विषयात तर हा फरक अजिबात सोडू नका, चेकपॉइंटवर वर्दीतल्या माणसाला अधिकार आहे आणि रांगेतल्याला हक्क.

जुनीपाटी
हक्क अरबी आहे. संस्कृत शब्द हाताशी असताना अरबी कशाला?

भीमथडी
शिवकाळापासून वतनाचा हक्क, पाटीलकीचा हक्क आहे. किती शतकं राहिलं म्हणजे घरचा होतो शब्द?

पैलतीर
सगळ्यांचे आभार, भरपूर मिळालं. 'ठेवण्याचा व वागवण्याचा हक्क' घेतोय, तळटीप देईन. पण झडती-तपासणी अजून सुटलेलं नाही. बाईंनी मधला मार्ग सुचवलाय, चौथ्या दुरुस्तीत 'झडती' आणि विमानतळावर 'सुरक्षा झडती'. मला तो जोड शब्द कानाला बरा वाटत नाही, सुरक्षा लावली की झडतीची धार जाते. 'सरसकट झडती' कसं वाटतं? संशय एकावर नाही हे 'सरसकट'मध्ये येतं आणि झडतीही राहते. उद्यापर्यंत कळवा.

निशिगंध
'सरसकट' मला आवडलं.

जुनीपाटी
सरसकट हा शब्द कर्जमाफीचा आहे. आणि वागवण्याबद्दल माझा आक्षेप कायम आहे, तळटिपेत 'धारण' तरी लिहा.