मार्क्सचा कोट गहाण होता, म्हणून काय झालं?

कृष्णाकाठ, सातारा
मास्तर, तुमची परवाची पोस्ट वाचून गप्प बसणार होतो, पण खालच्या टाळ्या बघून राहवलं नाही. तुमचं म्हणणं असं: मार्क्सला घर चालवता आलं नाही, कीन्स सट्ट्यात बुडाला, रिकार्डो शेअर दलाल, स्मिथ जन्मभर आईच्या जिवावर राहिला, ज्यांना स्वतःचा संसार जमला नाही त्यांचं अर्थशास्त्र आपल्या पोरांनी का घोकायचं?

मार्क्सचं सगळं खरं. लंडनच्या सोहोतल्या दोन खोल्या, दगावलेली पोरं, कोट गहाण पडला की घराबाहेर पडायची सोय नाही, मँचेस्टरहून मित्र एंगल्सचे पैसे आले तर चूल पेटणार. पण यातून त्याचं १८६७ चं पुस्तक ‘भांडवल’ खोटं कसं ठरतं? वस्तूचं मोल तिच्यात घातलेल्या श्रमावर ठरतं, हा त्याचा मूल्यसिद्धांत खोडा ना. खोडणारे पुष्कळ होऊन गेलेत. किराण्याची उधारी कशाला काढता?

रिकार्डो तर तुमच्यावरच उलटतो. दलालीत बक्कळ कमावलं, १८१४ साली गॅटकूंबची इस्टेट घेऊन जमीनदार झाला, आणि दुसऱ्याच वर्षी लिहिलं की जमीनदाराचं हित बाकी सगळ्यांच्या हिताच्या आड येतं! धान्याच्या आयातीवर बंधनं आणणाऱ्या कायद्याला विरोध केला तो स्वतःच्या खिशाविरुद्ध. कीन्स १९२० मध्ये चलनाच्या सट्ट्यात बुडाला हे सांगितलंत, पुढे सावरून श्रीमंत होऊन मेला हे गिळलंत.

आणि आपल्या साताऱ्याच्या शाळेत १९०० साली नाव घातलेल्या मुलाचं काय? कीन्सने १९१३ च्या पुस्तकात सुवर्ण विनिमय पद्धतीची, म्हणजे नाणं सोन्याचं नाही पण परदेशी देण्यासाठी रुपयाचा दर सोन्याशी बांधलेला, अशा व्यवस्थेची तरफदारी केली होती. बाबासाहेबांनी १९२३ च्या रुपयावरच्या प्रबंधात ती खोडली: चलन किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर राहिलं की रुपयाची खरेदीची ताकद टिकत नाही. कीन्स कुणाच्या पैशावर जगतो, हे नाही विचारलं.

मिरजेचा मास्तर
भाषण छान. आता माझं ऐका. तीस-चाळीस पोरांपुढे रोज उभा राहतो, गाईडमधलं "अर्थशास्त्राचा जनक" पाठ करून घेतो, म्हणून चिडून लिहिलं होतं. बाबासाहेबांना माझ्या अंगावर घालू नका, त्यांच्याबद्दल मी अक्षर काढलेलं नाही.

लोकसंख्येवर लिहिणारा माल्थस १८०५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात तिच्या होणाऱ्या नोकरशहांचा प्राध्यापक होता. जेम्स मिल कंपनीच्या कचेरीत. त्याचा पोरगा जॉन स्टुअर्ट १८२३ ते १८५८ तिथंच, हिंदुस्थान कधी डोळ्यांनी बघितला नाही. जगाला स्वातंत्र्य शिकवलं, आणि आमच्यासारख्यांना म्हणे चांगली हुकूमशाहीच बरी. पगार कोण देतो याने विचारात काहीच फरक पडत नाही?

तुमच्या लाडक्या रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत, म्हणजे लागवडीचा सगळा खर्च जाऊन चांगल्या जमिनीत जास्तीचं उरतं तो खंड, तर आपल्याच मातीवर ताणून बघितला. प्रिंगल नावाच्या साहेबाने १८२० च्या दशकात खर्च वजा जाता उरणारं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवला. कागदावर चोख, शिवारात जीवघेणा. रयत जमिनी टाकून गेली. १८३५-३६ ला इंदापुरापासून विंगेट-गोल्डस्मिड या साहेबांना नव्याने मोजणी करावी लागली.

जुनी बखर
‘आपल्याच मातीवर’ नको. प्रिंगल पुणे जिल्ह्यातला. साताऱ्यात तेव्हा छत्रपतींचं राज्य होतं, १८४८ ला खालसा झालं. सांगली पटवर्धनांची. एवढं तरी बघून लिहा.

मिरजेचा मास्तर
बरं बाबा, पुण्याचा कुणबी. त्याला भूक कमी लागत असेल.

वाळव्याचा ऊसवाला
दोघंबी शहाणे. रिकार्डो मेला १८२३ ला, माझं बिल यंदाचं हाय. ऊस नियंत्रण आदेश १९६६, चौदा दिवसांत पैसे, नाय दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज. माझा ऊस डिसेंबरात गेला, पहिला हप्ता पाडव्याला. व्याज मागितलं तर कारखान्याच्या शेती खात्याचा माणूस हसला! यावर कुठल्या थोर माणसाचा सिद्धांत हाय ते सांगा.

कृष्णाकाठ, सातारा
आहे की. धनंजयराव गाडगीळ. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट उभारणारा माणूस प्रवरेला विठ्ठलराव विखेंच्या साखर कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला. मास्तर, हा तरी तुमच्या कसोटीला उतरतो का?

वाळव्याचा ऊसवाला
गाडगीळसाहेब देवमाणूस, मान्य. पण त्यांनी सभासद मालक म्हणून सांगितलं, आमी वार्षिक सभेत प्रश्न विचारला की माईक बंद. काटा त्यांचा, उसातनं साखर किती निघते त्यो उतारा काढणार त्यांची लॅब, ऊसतोडीची पाळी लावणार त्यांचा चिटबॉय. ह्यो कसला मालक?

कडेगावकर
काट्याबद्दल पुरावा द्या. आमच्याकडे बाहेरच्या वजनकाट्यावर तोलून नेला, फरक निघाला नाही. उगीच सहकाराला झोडपायची फॅशन झालीय. खासगीवाला तुम्हाला दारात तरी उभा करील का?

वाळव्याचा ऊसवाला
तुमचे पाव्हणे संचालक दिसत्यात.

कडेगावकर
तोंड सांभाळून बोला. माझे वडील जन्मभर कोयता चालवून गेले. आणि तोडणीवाल्याच्या मजुरीचा हिशोब तुम्ही कधी मांडलात? चौदा दिवस तुम्हाला, त्याला मुकादमाने आगाऊ दिलेली उचल.

जुनी बखर
हे आता कारखान्याच्या वार्षिक सभेसारखं झालं.

मिरजेचा मास्तर
कडेगावकरांचा मुद्दा मला लागला. कृष्णाकाठ, तुमचा गाडगीळ मी घेतो, घ्यावाच लागेल. पण बघा, तुम्ही त्याच्या पुस्तकाचं नाव नाही काढलंत, कारखान्यावर जाऊन बसला हेच सांगितलंत. म्हणजे माणूस कसा जगला, त्यावरच आलात ना?

कृष्णाकाठ, सातारा
एका उदाहरणात धरलंत, आनंद घ्या. रिकार्डोचं उत्तर अजून बाकी आहे.

वाळव्याचा ऊसवाला
रिकार्डो ऱ्हाऊ दे. कडेगावकर, त्यो बाहेरचा काटा कुठं हाय आन् तिथं तोलून नेल्यावर कारखाना गाडी माघारी लावत नाय का, तेवढं लिहा.