बहिःशाल व्याख्यान: माईक, स्लाइड आणि प्रश्नोत्तरं

प्रश्न: कॉलेजात विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळाचं (सर्वसामान्य लोकांसाठी व्याख्यानं भरवणाऱ्या विभागाचं) व्याख्यान आहे, विषय ‘हवामानबदल आणि शेती’. श्रोते दीडशे, निम्मे गावातले. माईक मध्येच शिट्टी मारतो, पाहुण्यांच्या स्लाइड मराठीत आहेत. काय काळजी घ्यावी?

उत्तर १: शिट्टीचं कारण बहुतेक वेळा स्पीकरची जागा. ते वक्त्याच्या मागे असले की त्यांचाच आवाज माईकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो. स्पीकर माईकच्या पुढे आणा, तोंड श्रोत्यांकडे. माईक ओठांपासून चार बोटं, किंचित तिरका. समोरासमोर धरला तर ‘फ’, ‘भ’ फुटतात. रिकाम्या सभागृहात लावलेला आवाज माणसं भरल्यावर कमी पडतो, म्हणून ऑपरेटरला जागेवरच थांबायला सांगा.

उत्तर २: स्लाइड आदल्या दिवशी मागवा. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फाँटमधला मजकूर तो फाँट नसलेल्या लॅपटॉपवर रोमन अक्षरांचा चिवडा होतो. युनिकोडमध्ये बदलून पीडीएफ करा. मग ‘क्ष’, ‘र्‍या’ सारखी जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथेच घोळ होतो. अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको.

उत्तर ३: प्रश्नोत्तरं जपा, गावकरी त्यासाठीच येतात. दीपप्रज्वलन, सत्कार, परिचय मिळून १० मिनिटं, व्याख्यान ५०, प्रश्न २५. दारातच कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल द्या. उभं राहून बोलायला कचरणाऱ्या बायका लिहून नेमकं विचारतात. चिठ्ठ्या चाळिसाव्या मिनिटाला गोळा करा, म्हणजे सारखे प्रश्न एकत्र लावता येतात.