पडीक प्लॉटवर चेन रेस्टॉरंट: गल्लीचं भलं की नुकसान?

पांझराकाठ
धुळे, जळगाव, भुसावळ, तिन्हीकडे एकच चित्र आहे. बंद पडलेलं जिनिंग, लाकडाची वखार, वारसांच्या वादात अडकलेला वाडा, अशा जागा वर्षानुवर्षं कुलूप लावून पडून असतात. मग एक दिवस पत्र्याचं कुंपण लागतं, जेसीबी येतो आणि काही महिन्यांत तिथे पिझ्झा-बर्गरच्या चेनची पाटी झळकते. लगेच गल्लीत दोन तट पडतात. माझं मत सरळ आहे: पडीक प्लॉटपेक्षा चेन बरी.

पडीक प्लॉट म्हणजे नुसती मोकळी जागा नसते. वेडी बाभूळ दोन पावसाळ्यांत डोक्यावर जाते. गाजरगवताच्या परागानं अंगाला खाज सुटते, दम्याच्या माणसाचे हाल होतात. जुने टायर, नारळाच्या करवंट्या, फुटक्या टाक्या यांत पाणी साचतं. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या, त्यातल्या त्यात स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा उडता डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात. आठवड्यातून एकदा ते पाणी ओतून दिलं तरी पुरतं, पण कुलूपबंद आवारात शिरणार कोण? फवारणीवाले कुंपणाबाहेरून धूर सोडतात. धुरानं उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. चेन आली की निदान जागेला मालक असतो, दिवा असतो, झाडलोट असते आणि तक्रार घेऊन जायला समोर एक माणूस असतो.

चुलीवरचं
भाऊ, डासांचं सगळं मान्य. पण एका पारड्यात उकिरडा आणि दुसऱ्यात चेन ठेवली तर कोणीही चेनच उचलेल. तिसरं काही तुम्ही धरलंच नाही.

पैसा कुठे जातो ते बघा. शेवभाजीच्या हॉटेलात कांदा, लसूण, सुकं खोबरं, मिरची बाजारातल्या आडत्याकडून येते. जाड तिखट शेव शेजारच्या फरसाणवाल्याकडून. कळण्याच्या भाकरी थापायला वस्तीतल्याच दोन-तीन बाया असतात. हिवाळ्यात भरिताची वांगी थेट शेतकऱ्याकडून येतात. गिऱ्हाइकाच्या शंभर रुपयांतला मोठा वाटा पाच-दहा किलोमीटरच्या आत फिरतो. चेनचे पिठाचे गोळे, सॉस, चीज, गोठवलेल्या टिक्क्या कंपनीच्या मध्यवर्ती किचनमधून शीतगाडीनं येतात. इथे खरेदी होते ती थोड्या भाजीची, पाण्याची आणि गॅसची. शिवाय फ्रँचायझी असेल तर विक्रीच्या साधारण 5 ते 8 टक्के रॉयल्टी बाहेर जाते आणि जाहिरातीचा हिस्सा वेगळा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वांग्याला आपल्याच शहरात मोक्याच्या जागी गाळा मिळू नये, हे मला लागतं.

तळणीचं_तेल
चुलीवरचं ताई, खरेदीचं बरोबर आहे, पण स्वच्छतेचंही बोला. तेल वारंवार तापलं की त्यातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारे घटक, वाढतात. ती 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्याला चालत नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. रोज 50 लिटरच्या वर तेल वापरणाऱ्याला त्याची नोंदवहीसुद्धा ठेवावी लागते. चेनच्या किचनमध्ये मीटर तेलात बुडवून आकडा बघतात, तळणीचं तेल रोज गाळतात, तेल कधी बदललं ते लिहून ठेवतात.

आपल्याकडे कढईतलं तेल कमी झालं की वरून ताजं ओततात. बेसनाचा चुरा तळाशी बसून जळतो आणि तोच जुनं तेल लवकर खराब करतो. ताजं ओतल्यानं रंग उजळतो, तेल सुधारत नाही. फेस मरत नसेल, धूर नेहमीपेक्षा लवकर येत असेल, पळीवरून तेल चिकट पडत असेल तर ते टाकायचं. साधी गोष्ट आहे, पण ती शिस्त चेनमध्ये सक्तीची असते.

चुलीवरचं
नियम दोघांनाही सारखाच आहे. बारीक जाळीची गाळणी आणि दिवसाअखेर कढई रिकामी करायची सवय, याला चेनची पाटी लागत नाही. मीटर चार-पाच हॉटेलांत मिळून एक घेता येतो. हे शिकवता येतं. जागा मात्र शिकवून मिळत नाही.

काळी_माती
तुम्ही सगळे ताटातलं बोलताय. शेजाऱ्यांना त्रास होतो तो जमिनीखालून, तेव्हा आधी तिकडे बघा.

आपली कपाशीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जड इमारतीपेक्षा हलकं बांधकाम त्यात जास्त हलतं, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून धरायला वर वजन नसतं. चेनचं बांधकाम बहुधा तेच, लोखंडी सांगाडा, पॅनेल आणि काच. काळा थर उथळ असेल तर मुरूम लागेपर्यंत तो काढून टाकायचा. खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेले पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब), साधारण साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे जिथे ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही तिथवर. प्रत्यक्षात उद्घाटनाची तारीख आधी ठरते. मग जुन्या वाड्याचाच राडारोडा पसरून, वरून जेसीबी फिरवून भराव केला जातो. पहिल्या पावसात तो बसतो आणि फरशी पोकळ वाजते.

शेजाऱ्याचं खरं नुकसान जोत्याच्या उंचीत आहे. नवीन जोतं रस्त्यापेक्षा दोन फूट वर घेतात, पार्किंगला पेव्हर ब्लॉक ठोकतात आणि उतार कुंपणाकडे देतात. आधी त्या प्लॉटमध्ये मुरणारं पाणी आता शेजारच्या भिंतीच्या पायाशी जातं. तिथली काळी माती फुगली की त्यांच्या खोलीला तिरप्या भेगा. म्हणून काम सुरू असतानाच बघायचं: उतार कुठल्या बाजूला आहे, कुंपणाच्या आत उघडी गटार आहे का, आणि तिचं तोंड कुठे सोडलंय.

अशा जुन्या आवारात बहुतेक एक विहीर असते. ती राडारोड्यानं बुजवू नका. बुजवायचीच असेल तर तळापासून एकेक फुटाचा थर, पाणी मारून, दाबून, नाहीतर दोन-तीन वर्षांनी तिथेच खड्डा पडतो. त्यापेक्षा गाळ काढून वर मजबूत जाळी टाका आणि छताचं पाणी गाळण खड्ड्यातून तिच्यात सोडा. 3,000 चौरस फुटांच्या छतावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर अंदाजे 28,000 लिटर पाणी होतं. गळती आणि पहिलं घाण पाणी सोडून 20,000 लिटर तरी विहिरीत जाईल.

पांझराकाठ
पाण्याचा मुद्दा निघालाच आहे तर विचारतो. चेनला पाणी किती लागतं?

काळी_माती
नियोजनाला रेस्टॉरंटसाठी दर आसनामागे दिवसाला 70 लिटर धरतात. 60 आसनं म्हणजे 4,200 लिटर. नळाला चार दिवसांनी पाणी येत असेल तर जवळपास 17,000 लिटरची साठवण हवी. तेवढी टाकी कोणी बांधत नाही. मग बोअर खणतात, आणि आपल्या काळ्या खडकात पाणी भेगांमधून येतं. एकाच भेगेवर शेजारची तीन बोअर असतील तर त्यांचं पाणी मे महिन्यात आधी आटतं. टँकर बरा, पण तो रोज कुठे उभा राहणार हे मंजुरीच्या आधी विचारा.

सांडपाण्याचंही ऐका. किचनच्या नाल्यावर चरबी अडवणारी टाकी लागते. तिचा चौथा हिस्सा चरबी आणि गाळानं भरला की साफ करायची. टाकी लहान ठेवली आणि भांडी खूप गरम पाण्यानं धुतली की चरबी वितळून टाकीतून निसटते, पुढे गल्लीच्या थंड गटारीत जाऊन थिजते. तुंबतं मात्र चार घरं पुढे, त्यामुळे दोष कोणाचा ते कळत नाही. या टाकीचं झाकण फरशीखाली गाडलेलं दिसलं तर ती कधीच साफ होणार नाही, हे नक्की समजा.

आडवं_शटर
रहदारीचं कोणी बोललंच नाही. एका मोटारीला अडीच बाय पाच मीटरची जागा लागते, दुचाकीला एक बाय दोनची. नकाशात ती दाखवलेली असते. पुढे तिथेच जनरेटर आणि एसीची बाहेरची युनिटं बसतात. मग डिलिव्हरीच्या गाड्या रात्री अकरापर्यंत समोरच्या घरांच्या फाटकात. युनिटांची गरम हवा मे महिन्यात, 44-45 अंशांत, शेजारच्या खिडकीवर. ती युनिटं छतावर घ्यायला लावा, जमिनीवर नको.

भाडेपावती
चुलीवरचं ताईंनी जागेचं म्हटलं, तिथेच खरी मेख आहे. मालक चेनला जागा देतो आणि शेवभाजीवाल्याला देत नाही, त्यामागे भाड्याइतकीच कायद्याची भीती असते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. बांधलेला गाळा दुकानाला भाड्यानं दिला की भाडेकरूला संरक्षण मिळतं, भाडं वर्षाला 4 टक्क्यांनी वाढवता येतं, आणि जागा परत घ्यायला कोर्टात ठराविक कारणंच चालतात. पण ज्या प्रायव्हेट किंवा पब्लिक लिमिटेड कंपनीचं भरणा झालेलं भांडवल 1 कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला हा कायदा लागूच होत नाही. कंपनीशी करार संपला की मालकाची जागा मोकळी. साध्या भाडेकरूच्या बाबतीत मालकाला वाटतं, नातवापर्यंत जागा अडकेल. म्हणून तो वर्षानुवर्षं कुलूप ठेवतो, आणि पडीक प्लॉट तयार होतो तो असा.

यात दोन गोष्टी मालकांच्या लक्षात येत नाहीत. चेनची पाटी असली तरी करार कोणाशी होतोय ते बघा. गावातल्या फ्रँचायझीवाल्याच्या एकट्याच्या नावावर किंवा भागीदारीत करार असेल तर ती सूट मिळत नाही. दुसरं, हा कायदा इमारतीला लागतो. नुसती मोकळी जमीन त्यात येत नाही. मोकळी जमीन भाड्यानं दिली आणि भाडेकरूनं स्वतःचं, नट-बोल्टनं उघडता येणारं शेड टाकलं, तर मालकाची भीती बरीच कमी होते. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि शेड कोणाचं, मुदत संपल्यावर किती दिवसांत हलवायचं, हे त्यात स्पष्ट हवं. ढोबळ शब्दांत लिहिलं की भांडण तिथूनच सुरू होतं.

जीएसटीही बघा. रेस्टॉरंटला 5 टक्के कर, पण खरेदीवरच्या कराची वजावट नाही. दुकानाच्या भाड्यावर 18 टक्के. म्हणजे लाखाच्या भाड्यावर 18,000 रुपये थेट खर्चात. चेन तो सोसते, छोटं हॉटेल त्यात बुडतं. मालकाची नोंदणी नसेल आणि हॉटेल कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यावसायिकांच्या ठोक दराच्या कर योजनेत) असेल तर हा बोजा पडत नाही. हे दोन्ही बाजूंनी आधी तपासायला हवं.

चुलीवरचं
भाडेपावती दादा, हेच हवं होतं. मग दहा गुंठ्यांचा प्लॉट घ्या, 10,890 चौरस फूट. त्यात दहा बाय दहाचे बारा उघडे-मिटते गाळे, मधे बसायला सावली, एका कोपऱ्यात भांडी धुण्याची जागा. शेवभाजी, भरीत, डाळगंडोरी, मांडे, केळीचे वेफर, आणि पोरांना हवं असेल तर एका गाळ्यात पिझ्झाही. चेनला हाकला असं मी म्हणतच नाही, सगळा प्लॉट एकट्याला देऊ नका एवढंच.

काळी_माती
करा, पण कुठे फसतं ते आधी ऐका. बारा गाळे, प्रत्येकाकडे 19 किलोचे दोन सिलिंडर, म्हणजे 456 किलो गॅस. साठा 100 किलोच्या वर गेला की स्फोटके विभागाचा परवाना लागतो. गाळेवाले आपापले सिलिंडर आणतात आणि एकूण बेरीज कोणी करत नाही. एकच गॅस बँक, पाइपलाइन आणि प्रत्येक गाळ्याला बंद करायचा वेगळा कॉक ठेवा. वीज मोजायला प्रत्येकाला वेगळा उपमीटर, नाहीतर पहिल्या बिलावरच फूट पडेल. चरबीची टाकी सामाईक असेल तर ती साफ करण्याचे पैसे भाड्यातच धरा, नंतर कोणी देत नाही. आणि ओला-सुका कचरा रोज 100 किलोच्या वर गेला तर तुम्ही मोठे कचरा निर्माते ठरता, ओल्याची विल्हेवाट जागेवरच लावायची सोय लागते.

भरिताच्या काड्यांचा धूर वेगळाच विषय आहे. तूरकाठ्या किंवा कपाशीच्या काड्यांशिवाय ती चव येत नाही हे खरं, पण बारा फुटांवर शेजारची गच्ची असेल तर धुराडं तिच्या वर न्यावं लागेल. नाहीतर वांगी शेतावरच भाजून आणायची आणि इथे फक्त ठेचून फोडणी द्यायची.

पांझराकाठ
मी मत थोडं बदलतो. पडीकपेक्षा चेन बरी, यावर अजून ठाम आहे. पण भाडेपावती दादांनी सांगितलेली मोकळ्या जमिनीची वाट मालकांना माहीत असती तर निम्मे प्लॉट पडीक राहिलेच नसते, हे पटतं. एक अडचण उरते. वारस सहा, त्यातले दोन पुण्यात, मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचं नाव. तिथे गाळेवाल्यांशी करार करायला सही कोणाची घेणार? कंपनीचे वकील वारस नोंदी करून घेतात, सगळ्यांच्या सह्या जमवतात. शेवभाजीवाल्यासाठी ते कोण करेल?

भाडेपावती
बाराजणांनी मिळून एक वकील लावला तर होतं, फक्त वेळ धरायला हवा. वारस नोंद, मग हरकतीची नोटीस, मग फेरफार, म्हणजे कागदावर नाव बदलणं. वाटणी पूर्ण व्हायची वाट बघायची गरज नाही, सगळ्या सहहिस्सेदारांनी एकाला नोंदणीकृत मुखत्यारपत्र दिलं की भाडेकरार करता येतो. एकाही हिस्सेदाराची सही राहिली तर मात्र पुढे पैसे गुंतवू नका.

समोर हातगाड्या उभ्या असतील तर त्यांचंही बघा. पथविक्रेता कायदा 2014 चा आहे. प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला हलवायचं तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. नव्या फाटकासमोर अडचण होते म्हणून एका रात्रीत गाडी उचलता येत नाही.

आडवं_शटर
आमच्याकडे काम सुरू झालंय, जोतं भरून झालं. आता काय करता येईल?

काळी_माती
महापालिकेच्या नगररचना विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी 10 रुपये, उत्तराला 30 दिवस. मंजूर नकाशा, पार्किंगचा तक्ता, सांडपाण्याचा आराखडा आणि अग्निशमनची ना-हरकत, चारही मागा. अर्जात नुसतं 'सर्व कागदपत्रे' लिहू नका, प्रत्येकाचं नाव लिहा. तोवर आज जोत्याची उंची रस्त्याच्या मध्यापासून टेप लावून मोजा, उताराचे फोटो तारखेसह काढा आणि तुमच्या भिंतीवर आधीच असलेल्या भेगांचेही काढा. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) मिळण्याच्या आधी लेखी हरकत द्या. एकदा ते मिळालं की उतार बदलायला कोणी पेव्हर उचकटत नाही.