अमॅच्युअरमधला (ऑलिंपिकसारख्या स्पर्धांतला) नावाजलेला बॉक्सर प्रोमध्ये (व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये) टिकेल का, हे कशावरून ओळखायचं?

राउंड_तीन:
निशांत देवने जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासला प्रो पदार्पण केलं आणि पहिल्याच राउंडला लढत संपवली. विजेंदर सिंग २०१५ मध्ये प्रो झाला तेव्हा २९ वर्षांचा होता, निशांत २४. वय सोडलं तर दोघांची तुलना कशावर करायची? नुसती पदकं मोजण्यात अर्थ नाही. ब्रिटनच्या ऑड्ली हॅरिसनकडे सिडनी ऑलिंपिकचं सुवर्ण होतं, जागतिक किताब काही आला नाही.

कोपऱ्यातला_स्टूल:
पदक कुठल्या नियमांखाली आलं ते आधी बघा. विजेंदरचं बीजिंग ऑलिंपिकचं कांस्य यंत्राच्या जमान्यातलं: पाचपैकी तीन पंचांनी सेकंदाभरात बटण दाबलं तरच गुण. त्यामुळे पंचांना स्वच्छ दिसेल असा डोक्यावरचा सरळ ठोसा फायद्याचा, पोटातल्या ठोशाला भाव नाही. २०१३ पासून पुरुषांचं हेडगार्ड गेलं, प्रोसारखी दहा गुणांची पद्धत आली: राउंड जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला कमी. निशांतचं २०२३ चं जागतिक कांस्य या नव्या पद्धतीतलं, म्हणजे त्याला सवयी कमी मोडाव्या लागतील. ७१ किलोत तो १२ औंसांचे ग्लोव्हज घालायचा, आता १५४ पौंडांत १० औंसांचे. गार्डवर घेतलेला ठोसाही आता जास्त झोंबतो.

डावा_हूक:
अमॅच्युअरला लढतीच्या दिवशी सकाळी वजन, प्रोला आदल्या दिवशी, म्हणजे मधल्या वेळात वजन परत वाढवता येतं. हा फरक भल्याभल्यांना नडतो. युक्रेनच्या लोमाचेंकोचं उदाहरण घ्या. अमॅच्युअरमध्ये दोन ऑलिंपिक सुवर्णं, ३९६ विजय, एकच हार. मार्च २०१४ मध्ये दुसऱ्याच प्रो लढतीत समोर तेव्हाचा जागतिक विजेता, मेक्सिकोचा सालिडो. तो १२६ पौंडांची मर्यादा चुकवून सव्वादोन पौंड जास्त भरला, किताब वजनकाट्यावरच गमावून बसला, आणि लढतीच्या रात्री तब्बल १४७ पौंडांचा होऊन रिंगमध्ये उतरला. मग अंगावर रेलायचं, बरगड्यांवर मारत राहायचं, अधूनमधून नियम मोडून कमरेखालीही. लोमाचेंको शेवटच्या राउंडला सावरला, पण पंचांचं एकमत नसतानाही निकाल विरुद्ध गेला. तीन राउंडच्या खेळात मिठी सोडवायला रेफरी लगेच येतो. प्रोमध्ये ती बरेचदा आपली आपणच सोडवायची असते.

राउंड_तीन:
मग रेकॉर्ड कसं वाचायचं? विजेंदर तर १२-० होता, म्हणजे बारा विजय, हार शून्य.

कोपऱ्यातला_स्टूल:
शून्याकडे बघू नका. समोरच्याने किती राउंड तग धरला आणि तो कुठल्या वजनगटातून आला ते बघा. विजेंदरचा पट्टा (किताब) डब्ल्यूबीओ या प्रो बॉक्सिंग संघटनेचा आशिया पॅसिफिक, म्हणजे जागतिक नव्हे, प्रादेशिक. नोव्हेंबर २०१९ नंतर थेट मार्च २०२१ ला तो गोव्यात कॅसिनोच्या जहाजावर उतरला, वय ३५, समोर त्याच्यापेक्षा उंच रशियाचा लोपसान, आणि पाचव्या राउंडला विजेंदरचा खेळ खलास. सोळा महिन्यांची सुट्टी त्या वयात परवडत नाही. चीनच्या झोऊ शिमिंगचंही तेच: ३१ व्या वर्षी प्रो, किताब मिळवला, पण किताबाच्या पहिल्याच बचावात जपानच्या किमुराने ११ व्या राउंडला पाडलं.

डावा_हूक:
वयाला नको तेवढं महत्त्व देताय. युक्रेनचा उसिक २६ चा असताना प्रो झाला आणि पुढे दोन वजनगटांत निर्विवाद विजेता, म्हणजे गटातले सगळे मोठे किताब त्याच्याकडे. पायांची चाल आणि बाराव्या राउंडलाही न घसरणारा वेग, हे त्याचं खरं भांडवल. निशांत आठ राउंडची लढत लढतो तेव्हा पाचव्यानंतर त्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) किती वेळा सुटतो आणि हात परत हनुवटीशी येतो का, तेवढं मोजा.