नववीच्या मुलांना वस्तीत सेवाकार्यासाठी न्यायचे आहे, कसे न्यावे?

प्रश्न : नागरिकशास्त्र_शिक्षिका (डोंबिवली)

नमस्कार. मी एका खासगी माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. येत्या डिसेंबरमध्ये नववीच्या चाळीस विद्यार्थ्यांना मुंबईतील गोवंडी-मानखुर्द भागातल्या एका वस्तीत सलग दोन दिवस सेवाकार्यासाठी नेण्याचे शाळेने ठरवले आहे. तेथे बालवाडी आणि अभ्यासिका चालवणाऱ्या एका संस्थेशी प्राथमिक बोलणेही झाले आहे. पहिल्या दिवशी बालवाडीच्या भिंती रंगवायच्या, दुसऱ्या दिवशी गल्ल्यांची साफसफाई करायची, लहान मुलांना गाणी आणि खेळ शिकवायचे आणि निघताना वह्या, कंपासपेट्या व खाऊ वाटायचा, असा कार्यक्रम आखलेला आहे.

पालकसभेत या उपक्रमाचे मोठे स्वागत झाले. एक पालक म्हणाले, "आपल्याला घरी किती मिळते आहे, हे निदान आमच्या मुलांना कळेल." बहुतेकांनी त्याला दुजोरा दिला. मला मात्र त्या वाक्यापासून चैन पडलेले नाही. आमच्या मुलांना स्वतःच्या सुखाची जाणीव व्हावी म्हणून दुसऱ्या कोणाचे घर त्यांना दाखवायचे, हे मला पटत नाही. आणि तरीही माझे विद्यार्थी ज्या शहरात रोज ये-जा करतात त्या शहराचा एवढा मोठा भाग त्यांनी कधीच पाहू नये, हेही पटत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. इतक्या लोकांचे जगणे नागरिकशास्त्राच्या तासाला वगळून चालेल, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

ज्यांनी असे उपक्रम केले आहेत, किंवा ज्यांच्या वस्तीत अशा शाळा येऊन गेल्या आहेत, त्यांनी कृपया स्पष्टपणे लिहावे. सहल रद्द करावी असे तुमचे मत असेल, तर तेही सांगावे.

उत्तर १ : बालवाडी_ताई (गोवंडी)

मॅडम, मी याच भागात राहते आणि गेली अठरा वर्षे येथेच बालवाडी चालवते. आमच्याकडे शाळा येतात, महाविद्यालये येतात, कंपन्यांची माणसेही येतात. कोणाचाही हेतू वाईट नसतो, हे मी प्रथमच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तुम्हाला तसे वाटू नये. तुम्ही सहल रद्द करू नका, पण कार्यक्रम मात्र बदला.

भिंतींपासून सुरुवात करते. माझ्या बालवाडीच्या भिंती पाहुण्यांनी आजवर तीनदा रंगवल्या. तिन्ही वेळा त्यांवर फुलपाखरे आणि इंद्रधनुष्य आले आणि तिन्ही वेळा पुढच्या श्रावणापर्यंत रंगाचे पोपडे निघाले, कारण छपराचे पत्रे गळतात आणि भिंतीला ओल धरते. पावसाळ्याआधी पत्रे बदलून मिळाले असते तर मुले कोरड्या जमिनीवर बसली असती. तुम्हाला कशाची गरज आहे, असे आम्हाला कोणी विचारले असते तर आम्ही हेच सांगितले असते. रंगाचे डबे मात्र पाहुणे येतानाच घेऊन आले होते.

गल्ली झाडण्याचा विचार तर पूर्णपणे सोडून द्या. येथली प्रत्येक बाई सकाळी आपल्या दारापुढची जागा झाडते आणि पाणी असेल तर धुतेसुद्धा. परक्या मुलांनी येऊन तिच्या उंबऱ्यापुढे झाडू मारला, तर ती तोंडाने काही बोलणार नाही, पण तिला ते लागेल. आमच्याकडचा कचरा हा झाडण्याचा प्रश्नच नाही. अरुंद गल्लीत कचऱ्याची गाडी शिरत नाही आणि कोपऱ्यावरची कुंडी वेळेवर उचलली जात नाही, हा तो प्रश्न आहे. शिवाय साऱ्या मुंबईचा कचरा १९२७ पासून ज्या देवनारच्या क्षेपणभूमीवर येऊन पडत गेला, ती आमच्या शेजारी आहे. "ही माणसे घाणीत का राहतात" असे मुलांना वाटण्याआधी, ही घाण कोठून आली आणि कोणी आणून टाकली, हे त्यांना वर्गात शिकवून मग इकडे आणावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तुम्ही इतिहासही शिकवता, म्हणून आणखी एक सांगते. पाहुण्या मुलांना नेहमी वाटते की लोक गावाकडून आले आणि मिळेल तेथे झोपड्या टाकून बसले. आमच्या भागातल्या कितीतरी वस्त्या सरकारी कारवाईतून वसल्या आहेत. ट्रॉम्बेजवळची जनता कॉलनी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या गरजेसाठी १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, हटवण्यात आली आणि तेथील हजारो माणसांना चीता कॅम्पच्या जागेवर नेण्यात आले. त्या हकालपट्टीविरुद्ध लढलेले जॉकिन अर्पुथम त्याच वस्तीतले होते. पुढे २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे एवढे ऐकून आलेले मूल गल्लीकडे वेगळ्या नजरेने पाहते, हा माझा अनुभव आहे.

आता काम कोणते करावे, ते सांगते. आमच्याकडे पाणी ही रोजची परीक्षा आहे. पालिकेच्या निकषांत इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी आणि वस्तीतल्या माणसाला ४५ लिटर, असा फरक वर्षानुवर्षे चालत आला. कागदावरचे ते ४५ लिटरही कित्येक घरांपर्यंत पोहोचत नाहीत. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या, राज्यघटनेच्या कलम २१ चा यापेक्षा जिवंत धडा कोणता असणार? आमच्या महिला मंडळाला पालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज द्यायचा आहे, आणि त्यासाठी कोणत्या गल्लीत नळाला किती वाजता पाणी येते, किती मिनिटे टिकते आणि एका जोडणीवर किती घरे आहेत, याची नीट नोंद हवी आहे. आमच्या अभ्यासिकेतल्या नववीच्या मुली ही नोंद करू लागल्या आहेत, पण हात कमी पडतात. तुम्ही जाणार आहात त्या वस्तीत असेच काही काम चालू असेल तर ते शोधा आणि त्यात तुमची मुले तेथल्या मुलांच्या हाताखाली काम करू द्या. नेतृत्व वस्तीतल्या मुलींकडे असावे, कारण गल्ल्या त्यांना ठाऊक आहेत.

चाळीस मुले एका वेळी आणू नका. आमच्या गल्लीत समोरून हंडा घेतलेली बाई आली तर अंग चोरून भिंतीला टेकावे लागते. आठ-दहांचा गट पुष्कळ झाला.

उत्तर २ : गणित_सर (ठाणे जिल्हा)

ताईंनी मुख्य गोष्टी सांगितल्याच आहेत. मी फक्त वाटपाविषयी लिहितो, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका वस्तीत साठ संच घेऊन गेलो आणि नव्वदच्या आसपास मुले जमली. मी रांग लावली. मागे उरलेल्या मुलांचे चेहरे पाहून आमच्याच विद्यार्थ्यांना रडू आले, मोठ्या मुलांनी धाकट्यांच्या हातातल्या वह्या ओढल्या आणि सकाळपासून एकमेकांशी खेळणारी मुले दहा मिनिटांत "देणारी" आणि "घेणारी" अशी वेगळी झाली. एका आईने मुलाच्या हातातली वही आणून परत माझ्या हातात दिली आणि ती शांतपणे म्हणाली, "याला वह्या मी आणते, सर. तुम्ही याला रांगेत का उभे केलेत?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

साहित्य द्यायचेच असेल तर ते संस्थेला विचारून, आधी किंवा नंतर, संस्थेकडेच पोहोचवावे आणि त्या दिवशी त्याचा उच्चारही होऊ नये. बसभाडे आणि टी-शर्ट यांवर किती खर्च होणार आहे, तेही एकदा कागदावर मांडून पाहावे. आमचा तो खर्च वाटलेल्या वस्तूंच्या किमतीपेक्षा जास्त निघाला होता.

दोन नियम मात्र लेखी करून पालकांची त्यावर सही घ्या. वस्तीतल्या कोणत्याही मुलाचे छायाचित्र त्याच्या पालकांना विचारल्याशिवाय काढायचे नाही आणि समाजमाध्यमांवर टाकायचे तर मुळीच नाही. आणि पाहुण्यांपैकी कोणीही, शिक्षकसुद्धा, लहान मुलाबरोबर एकटे थांबायचे नाही. स्वच्छतागृहाची व्यवस्थाही आधी विचारून ठेवा. आमच्या मुलींनी सार्वजनिक शौचालयाची रांग पाहिली आणि दिवसभर पाणीच प्यायल्या नाहीत. परतताना बसमध्ये त्यांनीच मला विचारले की येथल्या मुली रोज काय करत असतील. त्या दिवसाचा खरा धडा तो होता आणि माझ्या नियोजनात तो कोठेही नव्हता.

उत्तर ३ : पर्वतीचा_विद्यार्थी (पुणे)

मॅडम, मी सध्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो आहे. माझे बालपण पुण्यात, पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत गेले. शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून मला एका खासगी शाळेत पहिलीला प्रवेश मिळाला होता. वर्गात मी कोठे राहतो हे दोन मित्रांखेरीज कोणालाही माहीत नव्हते, आणि ते मी जाणीवपूर्वक लपवले होते.

२०१९ च्या डिसेंबरात, मी आठवीत असताना, शाळेने "सेवा सप्ताह" ठरवला आणि आमच्या वर्गाला जनता वसाहतीत नेले. बाईंना माझा पत्ता ठाऊक असणार, कारण तो प्रवेशअर्जावर होता. पण तो त्यांच्या लक्षात आला नसावा. रस्त्यावर बस थांबली आणि मी माझ्याच वर्गमित्रांच्या रांगेत, शाळेची टोपी घालून, माझ्या रोजच्या पायऱ्या चढू लागलो. मागून कोणीतरी नाक धरले. कोणीतरी म्हणाले, "बाप रे, एवढ्याशा खोलीत सगळे झोपतात!" ती खोली आमच्या शेजारच्या काकूंची होती. त्यांनी मला ओळखले, माझ्या गणवेशाकडे आणि मग चेहऱ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता नजर वळवली. मी सांगू नका असे खुणावलेसुद्धा नव्हते, तरी त्यांना ते कळले. माझी आई त्या वेळी धुण्याभांड्यांच्या कामावर गेलेली होती. ती घरी नव्हती याचा मला आनंद झाला, आणि तसा आनंद झाल्याची लाज मला अजूनही वाटते.

हे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या बाई मायेच्या होत्या आणि त्यांनीच मला पुढे गणिताची आवड लावली. परंतु "आपली मुले" आणि "ती मुले" अशी विभागणी करून जेव्हा सहल आखली जाते, तेव्हा "आपल्या" मुलांच्या बाकांवर बसलेल्या "त्या" मुलांचा विचार करायचा राहून जातो. तुमच्या चाळीस जणांतही असा कोणी असेल. कदाचित त्याच वस्तीतला नसेल, दुसऱ्या एखाद्या वस्तीतला असेल, आणि तुमच्या पालकसभेतले ते वाक्य त्याच्या आईने मागच्या बाकावर बसून ऐकले असेल.

अशा मुलाला सर्वांसमोर उभे करून "तू सांग" असे कृपया म्हणू नका. त्याला वेगळे बोलावून सहानुभूतीही दाखवू नका. वर्गात वस्तीविषयी तुम्ही ज्या भाषेत बोलाल, ती ऐकून बोलायचे की गप्प राहायचे, हे तो स्वतः ठरवील. माझ्या वेळी वर्गात "बिचारे" हा शब्द फार वेळा वापरला गेला होता. त्याऐवजी त्या वसाहतीतले लोक काय काम करतात, पुण्यात कोणाची घरे बांधतात, कोणाचा कचरा उचलतात, कोणाचा स्वयंपाक करतात, हे कोणी सांगितले असते, तर कदाचित मी त्या पायऱ्यांवर म्हणालो असतो की पुढचे तिसरे घर आमचे आहे, चहा घ्यायला या.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : नागरिकशास्त्र_शिक्षिका

आपणा तिघांची मी मनापासून ऋणी आहे. शेवटचे उत्तर वाचल्यावर मी वर्गाच्या नोंदवहीतले पत्ते पुन्हा वाचले. तीन मुलांचे पत्ते वाचताना मी बराच वेळ थांबले. त्या मुलांना मी दोन वर्षे शिकवते आहे.

मुख्याध्यापकांशी काल सविस्तर बोलले. रंगकाम, सफाई आणि वाटप हे तिन्ही कार्यक्रम रद्द करण्यास त्यांनी मान्यता दिली आहे. छायाचित्रांच्या बाबतीत मात्र अजून एकमत झालेले नाही, कारण वार्षिक अहवालात उपक्रमाची छायाचित्रे असावीत असा व्यवस्थापनाचा आग्रह आहे. मी मुलांच्या नोंदवह्यांची आणि नकाशांची छायाचित्रे देण्याचा पर्याय सुचवला आहे. सलग दोन दिवसांऐवजी दहा-दहाच्या गटांनी, लोकल गाडीने, वर्षभरात प्रत्येकी तीनदा जावे असाही विचार आहे. त्याआधी चार तास वर्गात पाण्याचा प्रश्न, कलम २१ आणि विस्थापनाचा इतिहास शिकवीन.

बालवाडी-ताई, एक विचारायचे राहिले. तेथल्या मुलांनी आमच्या शाळेत यावे, असे निमंत्रण देणे योग्य होईल का? की त्यातही मी काही गृहीत धरते आहे?

उत्तर १ (पुढे) : बालवाडी_ताई (गोवंडी)

निमंत्रण अवश्य द्या, पण स्नेहसंमेलनाचे देऊ नका, कारण तेथे आमची मुले पाहुणी म्हणून पहिल्या रांगेत बसवली जातील आणि अवघडतील. त्यांना प्रयोगशाळेत बोलवा. आमच्या अभ्यासिकेतल्या दहावीच्या मुलांना विज्ञानाचे प्रयोग पुस्तकातच वाचावे लागतात. परीक्षानळी हातात धरायला मिळाली तर ती मुले दिवसभर तेथून हलणार नाहीत. फेब्रुवारीआधी बोलवा, नंतर परीक्षा येते.

आणि मुलांना आणण्याआधी एकदा तुम्ही एकट्याच त्या संस्थेत जा. दुपारी दोननंतर जा. तोवर पाणी भरून झालेले असते, स्वयंपाक आटोपलेला असतो आणि मंडळाच्या बायका बसून बोलायला मोकळ्या असतात. हातात काही घेऊन जाऊ नका. त्या चहा करतील, तो मात्र घ्या.